तारखेचा सामना, तिथीचे पान

गटातला एखादा गेला की वर्ष भरत आल्यावर एक प्रश्न येतोच: त्याच्या नावाचा सामना कोणत्या दिवशी ठेवायचा? घरचे पंचांग बघून एक दिवस सांगतात, मित्रांच्या डोक्यात दुसराच असतो. नाशिकमधल्या जुन्या फुटबॉलवेड्यांच्या गटांत हा पेच पुन्हा पुन्हा पडतो. त्यामागे काय आहे, ते इथे मांडतो आहोत.

देवळालीत तोफखान्याची छावणी आणि बोर्डिंग शाळा, त्यामुळे शहराच्या त्या टोकाला फुटबॉल जुना. ते सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मभर नुसता बघणारा वर्ग मात्र नंतरचा, आणि त्याची पहिली मोठी पिढी १९८६ च्या विश्वचषकात दूरदर्शनसमोर घडली. मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला लागायचा. २९ जूनची फायनल, अर्जेंटिना ३, पश्चिम जर्मनी २, संपली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. पावसाळी वाऱ्याने अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने गच्चीवर जाऊन दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने खिडकीतून "आलं, आलं, थांब" ओरडायचे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या आईच्या चहावर गट जमायचा. मधली वर्षे फारशी भेट नसली तरी चार वर्षांनी माणसे त्याच सतरंजीवर, आपापल्या जागी येऊन बसत. म्हणून यातला एक गेला की मोकळी जागा नेमकी दिसते.

केबल आली, मग दर शनिवारी इंग्लंडची लीग, पुढे सामना हातातल्या फोनवर आला. एकत्र बघणे कमी झाले, बोलणे वाढले.

खरा बदल २०२० चा. टाळेबंदीत अंत्यविधीला २० जणांची मर्यादा आली आणि तेवढी माणसे भावकीतच भरत. तीस-पस्तीस वर्षांची दोस्ती असलेला माणूस मोबाईलवरच्या काळ्या चौकटीतल्या फोटोत गेला. रामकुंडावर दशक्रियेला जाता आले नाही, खांदा द्यायचाही राहिला. ती बोच अजून आहे. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला १९८६ च्या अर्जेंटिनाचा कर्णधार मॅराडोना गेला, ज्याच्यामुळे ही माणसे तेव्हा एका सतरंजीवर आली होती. स्मृती सामन्यांची ओढ आमच्या मते इथून वाढली: राहिलेला खांदा मैदानावर द्यायचा.

आता दिवसाच्या प्रश्नाकडे. पुण्यतिथी या शब्दात तिथी आहे, तरी आपण तो सर्रास तारखेला लावतो. लोकमान्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टलाच होते. घरातल्या माणसाचे श्राद्ध मात्र बहुतेक घरांत तिथीने. या दोन दिवसांत किती अंतर पडते, ते मॅराडोनाच्याच दिवसावर बघता येते. २५ नोव्हेंबर २०२० ला आपल्याकडे कार्तिक शुद्ध एकादशी होती. हीच एकादशी २०२२ ला ४ नोव्हेंबरला आली आणि २०२३ ला २३ नोव्हेंबरला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते; अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जाते. २०२३ ला अधिक श्रावण होता.

पहिल्या वर्षी घोळ होतो तो यातूनच. अधिक महिना मध्ये नसेल तर वर्षश्राद्ध आधी होते आणि तारखेचा सामना त्यानंतर पडतो, कोणाला काही खटकत नाही. अधिक महिना मध्ये आला की उलटे होते. सामन्याची तारीख येते तेव्हा घरी वर्ष पूर्ण झालेले नसते आणि इकडे फ्लेक्स लागलेला, चषक मांडलेला. घरच्यांना तो उत्सव वाटतो आणि ते दुखावतात. मित्रांचा हेतू कितीही चांगला असला तरी गेलेल्याची आई मैदानावर पाऊल ठेवत नाही. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जुलै २०२५ मध्ये गेलेल्या माणसाचे वर्षश्राद्ध त्यामुळे तारखेनंतर अडीच आठवड्यांनी येते. अशा वेळी सामना वर्षश्राद्धाच्या पुढच्या रविवारी न्यावा.

तिथीलाच सामना घ्यावा असे म्हणणारे आहेत. ते अडचणीचे ठरते. श्राद्ध करणारा मुलगा दुपार टळेपर्यंत घरात अडकलेला असतो, म्हणजे ज्याच्या पायाने चेंडू सुरू व्हायचा तोच येत नाही. तिथी आडवारी आली तर नोकरीवाले अकरा जणही जमत नाहीत. आमचा कौल स्पष्ट आहे: तिथीचे पान घरचे, सामना तारखेच्या लगतच्या रविवारी, आणि पहिल्या वर्षी घरी विचारल्याशिवाय मैदान ठरवायचे नाही.

मौन की टाळ्या, हा वाद त्यामानाने नवा. परदेशी मैदानांवर मौनाऐवजी मिनिटभर टाळ्यांची रीत गेल्या वीसेक वर्षांत पसरली. बार्सिलोनातल्या एका क्लबचा २१ नंबरचा कर्णधार २००९ मध्ये ऐन तारुण्यात गेला. तेव्हापासून तिथे २१ व्या मिनिटाला टाळ्या होतात. आपल्याकडे मयताच्या नावाने टाळ्या ऐकून वडीलधारे चमकतात. पण वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळ-मृदंगाच्या गजरातच निघते, तेव्हा आवाज म्हणजे अवमान असे आम्ही मानत नाही. माईकवरून आधी सांगावे, एवढेच. आमच्याकडे सामने २०-२० मिनिटांचे असतात. त्यात २३ नंबरच्या टाळ्या उत्तरार्धाच्या तिसऱ्या मिनिटाला घ्याव्या लागतात, हे पंचाला लिहून द्यावे. मौन बहुतेक तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला फुटते, कारण पंच अंदाजाने शिट्टी मारतो. एकाने नुसते घड्याळ धरून त्याच्या शेजारी उभे राहावे आणि साठ सेकंद पुरे झाले की खांद्याला हात लावावा. त्या वेळी ध्वनिक्षेपक बंद हवा, त्याची घरघर फार लांब जाते.

जर्सीचे एक सांगायचे. ती पार्थिवावर घालतात, पण अग्नी देण्याआधी काढून घ्यावी. पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते आणि ते बघवत नाही. गोदावरीतही सोडू नये, ते कापड कुजत नाही. घरी ठेवायची तर उलटी करून गार पाण्यात, हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. पाठीवरच्या आकड्यावर इस्त्री फिरवू नये, तो उष्णतेने चिकटवलेला असतो आणि उष्णतेनेच सुटतो.