लेहला उतरल्यावरचे दोन दिवस

सखल प्रदेशातून सोबत नेलेले वेफर्सचे पाकीट लेहला पिशवीतून बाहेर काढले, की ते फुगून टणक झालेले दिसते. पाकिटातली हवा सखल प्रदेशातल्या दाबाची असते आणि 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही 21 टक्केच असते. पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो.

खारदुंग ला मोटारसायकलवरून गाठण्याची किंवा हिवाळ्यात गोठलेल्या झंस्कार नदीवरून ‘चादर’ ट्रेक करण्याची हौस गेल्या काही वर्षांत फारच वाढली आहे. (खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे 18,380 फूट लिहिलेले होते, प्रत्यक्षात ही खिंड 5,359 मीटरवर, म्हणजे सुमारे 17,580 फुटांवर आहे.) थंडीची तयारी सगळेच करतात, विरळ हवेची मात्र फारसे कुणी करत नाही.

रक्तातला ऑक्सिजन घटल्याचे मानेतील रोहिण्यांजवळच्या इवल्याशा संवेदकांना लगेच कळते आणि श्वास वाढतो. परंतु जोराच्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. पहिल्या रात्री झोपेत श्वास मध्येच थांबून दचकून जाग येते, ती याच ओढाताणीमुळे. मूत्रपिंडे रक्तातले जादा बायकार्बोनेट (रक्ताला अल्कधर्मी करणारा घटक) लघवीवाटे टाकू लागली, की हा लगाम सैल होतो. पण त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. दिल्लीहून विमान मात्र दीड तासात पोहोचते. डॉक्टर देतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचे हेच काम लवकर सुरू करते.

घाईची किंमत आपल्या सैन्याने फार पूर्वी मोजली आहे. 1962 च्या युद्धाच्या सुमारास मैदानी भागातून हजारो जवान थोड्याच अवधीत हिमालयात चढवले गेले. उंचीवर आजारी पडलेल्या 1,925 सैनिकांची निरीक्षणे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली प्रसिद्ध केली. त्यांत साधी डोकेदुखी-मळमळ होती, तशी फुप्फुसांत पाणी साठण्याची आणि मेंदूला सूज येण्याची प्राणघातक प्रकरणेही होती.

म्हणून लेहला आल्यावर किमान 48 तास वर न चढता काढायचे असतात. एवढे करूनही कुणाला बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर ऑक्सिजनच्या नळकांड्यावर विसंबून थांबू नये; त्याला ताबडतोब खाली उतरवावे, मग रात्र असो वा सहलीचा शेवटचा टप्पा.