व्यायामाचा कागद बदलून मागण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "रोज करतोय तरी पाठ दुखतीच आहे, दुसरे व्यायाम द्या की". देऊ, पण आधी व्यायाम कुठल्या बाजूनं करताय ते आम्ही बघतो. बऱ्याचदा बाजूच उलटी झालेली असते आणि महिनाभराची मेहनत वाया जाते, तुमचीपण आणि आमचीपण.

स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्याला बाक येतो त्यात, कणा नुसता बाजूला वाकत नाही तर पिळला पण जातो, म्हणून पुढं वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर दिसतात. त्यामुळं आमचे व्यायाम (मूळ जर्मनीच्या कॅथरीना श्रॉथ यांची पद्धत) दोन्ही बाजूंना सारखे नसतात, श्वास दबलेल्या बाजूला भरायचा असतो. घरात काय होतं, पोरगी सेल्फी कॅमेरा लावून करते, त्यात आरशासारखं दिसतं, नाहीतर आई समोर उभी राहून दाखवते, की झालं उजव्याचं डावं. म्हणून आम्ही उजव्या मनगटाला लाल रिबन बांधतो आणि व्हिडिओ पाठीमागूनच काढतो. ती रिबन घरीपण बांधा, लाजू नका.

तसंच आपला कागद खानापूरच्या आत्याला नाहीतर निपाणीच्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्यांचा बाक वेगळा असतो. त्यांना घेऊन या, बघू.

येताना उभ्यानं काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे आणा. एमआरआय झोपून काढतात, त्यात बाक कमी दिसतो. वाढत्या वयाच्या पोरांचा बाक २५ अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर आम्ही आधी हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवतो कारण तिथं पट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा निर्णय वेळेत व्हायला पाहिजे, नुसत्या व्यायामावर थांबवून ठेवणं बरोबर नाही. आणि दप्तरामुळं कणा वाकडा होत नाही, पोरांना त्यावरून बोलू नका. मोठ्या माणसांचा कणा व्यायामानं सरळ होईल असं आम्ही कुणालाच सांगत नाही, दुखणं कमी होतं आणि जास्त वेळ उभं राहता येतं, ते पण काय कमी नाही.

बाक नाही पण भात लावणीनं, मागावर बसून किंवा ऑफिसच्या खुर्चीत पाठ धरलीय त्यांनी आठवडाभर झोपून राहू नये, झेपेल तेवढं चालत राहा, पावसाळ्यात घरातल्या घरात चाला. दुखलं म्हणून बंद आणि बरं वाटलं म्हणून एकदम दुप्पट, हे दोन्ही टाळा. पायात जोर कमी झाला, लघवी-संडासवर ताबा राहिना किंवा मांड्यांच्या मधल्या जागेत बधिर वाटलं तर आमच्याकडं येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पहिल्या दिवशी वेळ आणि फी जास्त का, असं विचारतात. तुमची पाठ मोजून, बाजू ठरवून, तुमच्याकडून करून घेतल्याशिवाय आम्ही कागद हातात देत नाही म्हणून. जुन्या पेशंटना शनिवारी संध्याकाळी बाजू तपासून घ्यायला फी नाही, फोन करून कागद आणि रिबन घेऊन या.