खेड्यातील पबमधील भोजन (इंग्लंड)

इंग्लंडच्या खेड्यांतील पबमध्ये दुपारी किंवा संध्याकाळी घेतले जाणारे, बहुधा बिअर वा सायडर (सफरचंदाचे मद्य) यांच्या जोडीचे जेवण. स्कॉटलंडमधील मद्यपरवान्यांचा इतिहास वेगळा असल्याने ही नोंद इंग्लंडपुरती मर्यादित आहे.

पबचे दोन पूर्वज मानले जातात. ‘इन’मध्ये वाटसरूंना मुक्काम, शिजवलेले अन्न आणि घोड्यांना दाणापाणी मिळे. ‘एलहाउस’ हे केवळ एल (एक प्रकारची बिअर) विकणारे घर. १५५२ च्या कायद्याने त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक झाला. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने वर्षाला दोन गिनी (जुने इंग्रजी चलन) भरून करदात्याला राहत्या घरातच बिअर विकता येऊ लागली. खेड्यांतले बरेच पब असे घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाले. तेथे पाव, चीज, फार तर थंड मांस मिळे. पुष्कळ मजूर शिदोरी घरूनच आणत. खेड्यातला पब म्हणजे पूर्वापार भरल्या ताटाची जागा, ही समजूत इन वगळता टिकण्यासारखी नाही.

या प्रथेतील सर्वांत वादग्रस्त पदार्थ म्हणजे ‘प्लाउमन्स लंच’, अर्थात नांगरणाऱ्याचे दुपारचे जेवण. जाड कवचाचा पाव, लोणी, चेडर किंवा स्टिल्टन चीजची मोठी फोड, व्हिनेगरमध्ये मुरलेला अख्खा छोटा कांदा, सफरचंदाच्या फोडी आणि गडद, गोड-आंबट लोणचे असे हे थंड ताट असते. कधी त्यात हॅम किंवा ‘पोर्क पाय’चा (डुकराच्या मांसाचे सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीचा) तुकडाही येतो. लोणचे बहुधा ब्रॅन्स्टनचे असते. ते १९२२ मध्ये स्टॅफर्डशरमधील त्याच नावाच्या गावी तयार होऊ लागले. त्याऐवजी हळद-मोहरीची पिवळीधमक पिकलिलीही वाढतात. अठराव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत तिला ‘इंडियन पिकल’ म्हटलेले आढळते; आपल्याकडच्या लोणच्यांशी तिचे नाते उघड आहे.

हे ताट किती जुने, यावर दोन टोकाची मते आहेत. पहिल्या मतानुसार ते मध्ययुगापासून चालत आले. शेतमजुराचा आहार मुख्यतः पाव, चीज आणि एल हा होता, याला पुरावा भरपूर आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या जीवनावरील १८३७ मधील चरित्रात ‘प्लाउमन्स लंचन’ असा शब्दप्रयोगही येतो. मात्र तेथे तो एका घाईने केलेल्या सँडविचच्या वर्णनात सहज आला आहे, पबमधील ठरावीक ताटाचे नाव म्हणून नव्हे. दुसरे मत असे की, हा पदार्थ जाहिरातदारांनी घडवला. दुसऱ्या महायुद्धात चीजवर शिधावाटप लागू झाले आणि ते १९५४ पर्यंत टिकले. त्यानंतर ‘चीज ब्युरो’ने पबमधून चीजचा खप वाढवण्याची मोहीम घेतली, पुढे १९६० च्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डाने हे नाव देशभर पोहोचवले.

उपलब्ध पुराव्यांवरून मधली भूमिका अधिक ग्राह्य वाटते. मद्यनिर्मात्यांच्या संघटनेच्या १९५६ मधील पत्रिकेत चीज ब्युरोच्या कामाचा उल्लेख आहे. त्यात पाव, बिअर, चीज व लोणचे ही जोडी परंपरागत असून शिधावाटपाने ती तुटली, आता ती पुन्हा जुळवायची, असा सूर आहे. म्हणजे ताट जुने, नाव आणि मांडणी नवी. युद्धकाळात शेतमजुरांना चीजचा जादा शिधा मिळत असे. नांगर आणि चीज यांची सांगड जाहिरातीने हवेतून आणली नव्हती, हे त्यावरून दिसते. या पदार्थाला ‘बनावट’ म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे.

रविवारच्या दुपारी भाजलेले गोमांस, कोकराचे किंवा डुकराचे मांस, भाजके बटाटे, भाज्या, ग्रेव्ही आणि यॉर्कशर पुडिंग असे जेवण असते. पुडिंगचा जुना प्रकार, ‘ड्रिपिंग पुडिंग’, १७३७ मध्ये छापील पाककृतींत येतो. ‘यॉर्कशर’ हे नाव पाककृतिलेखिका हॅना ग्लास यांनी १७४७ मध्ये वापरले. मांस विस्तवासमोर भाजत असताना खाली ठेवलेल्या भांड्यात पिठाचे सरसरीत मिश्रण ओतत आणि त्यावर मांसाची चरबी टपकत राही. आता साच्यात चरबी धूर येईपर्यंत तापवून त्यात मिश्रण घालतात. कडा फुगून वर येतात आणि मधल्या खळग्यात ग्रेव्ही साठते. स्टेक-अँड-एल पाय, मासे व चिप्स, सॉसेज व मॅश (कुस्करलेले बटाटे) हे अन्य नेहमीचे पदार्थ. जेवण सहसा बारवर जाऊन सांगावे लागते.

१९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घातली आणि श्वासचाचणी सुरू झाली. मोटारीशिवाय जिथे पोहोचता येत नाही, अशा पबना जेवणावर भर द्यावा लागण्याचे हे एक कारण असावे. १९८८ च्या कायद्याने सोमवार ते शनिवार दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती गेली. जुलै २००७ मध्ये बंदिस्त जागेतील धूम्रपानबंदी आली. हेरफर्डशरमधील टिटली गावच्या स्टॅग इनला २००१ मध्ये मिशलिन तारा (उत्कृष्ट पाककलेसाठीचा मानाचा दर्जा) मिळाला. ब्रिटनमध्ये पबला मिळालेला तो पहिलाच. याउलट कित्येक खेड्यांतले पब बंद पडले. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ‘ओल्ड क्राउन’ २००३ मध्ये ग्रामस्थांनी सहकारी तत्त्वावर विकत घेतला. त्यानंतर इतरत्रही गावकऱ्यांनी आपले पब असेच ताब्यात घेतले आहेत.