तीन वर्षांची अट: परदेशातली जुनी गाडी भारतात आणण्यामागचा इतिहास

परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणता येते का? १ एप्रिल २००१ पासून या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर 'हो' असं आहे. त्याआधी ते 'नाही, पण…' असं होतं आणि त्या 'पण'मध्ये परवाने, वकिलाती, लिलाव आणि ओळखी असं सगळं यायचं. २००१ नंतर ओळखींची गरज कमी झाली आणि त्यांच्या जागी अटी आल्या. गाडी बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा. पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील अशी हमी हवी. आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात. गाडी चढवण्याआधी परदेशात तपासणी आणि इथे आल्यावर पुन्हा चाचणी: पुण्याला किंवा अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), ट्रॅक्टर असेल तर मध्य प्रदेशातल्या बुधनीला.

आधीचा काळ थोडक्यात. शिवडीला १९२८ पासून अमेरिकी गाड्यांची जुळणी होत होती. ज्या कंपन्यांकडे इथे सुटे भाग बनवण्याची योजना नव्हती त्यांना सरकारी धोरणामुळे १९५३-५४ च्या सुमारास गाशा गुंडाळावा लागला. तयार गाडीची आयात जवळपास बंदच झाली. पुढची तीनेक दशकं मुंबईच्या रस्त्यावर दिसणारी लांबलचक परदेशी गाडी बहुधा एखाद्या वकिलातीतून निघालेली असे. राजनैतिक अधिकारी परत जाताना त्याची गाडी एका सरकारी व्यापारी महामंडळाकडे जायची आणि तिथून लिलावात सिनेमावाल्यांकडे किंवा गिरणीमालकांकडे. बाकीच्यांनी फियाटसाठी नंबर लावायचा आणि वर्षं मोजायची. १९८३ मध्ये छोटी मारुती ४७,५०० रुपयांना आली, तेव्हा नोंदणीसाठी दहा हजार भरायला लोकांनी रांगा लावल्या. नंबर लागलेल्यांनी तीच गाडी 'ऑन', म्हणजे किमतीवर जादा पैसे, घेऊन पुढे विकली, हे त्या पिढीला सांगायला नको.

२००१ चं दार सरकारने आपखुशीने उघडलं नव्हतं. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठवण्याचं बंधन जागतिक व्यापाराच्या वादात भारत हरल्यामुळे आलं होतं. शेवटच्या ७१५ वस्तू त्या वर्षी खुल्या झाल्या आणि त्यांत मोटारी होत्या. देशी कारखानदारांची भीती एकाच चित्रात मावत होती: जपानमधल्या स्वस्त जुन्या गाड्यांनी भरलेली जहाजं. ती भीती अगदीच पोकळ नव्हती. जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच असतं, आणि जुन्या जपानी गाड्यांवर चालणारी बाजारपेठ कशी असते ते श्रीलंकेत दिसत होतंच. म्हणून बंदी उठवतानाच अटी लावल्या आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात जुन्या गाडीवरचं मूळ सीमाशुल्क १०५ टक्के केलं. इतर कर धरून भार १८० टक्क्यांच्या आसपास गेला.

या सगळ्या अटींत तीन वर्षांची अट सर्वांत साधी दिसते आणि सर्वांत जास्त गोंधळ तिनेच घातला. समर्थक सांगायचे की जगाचं भंगार इथे येऊ नये म्हणून ती आहे. मला ते अर्धंच पटतं. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी येते आणि नंतर दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असते, म्हणून पुष्कळ मालक तपासणीच्या तोंडावर गाडी काढून टाकतात. म्हणजे जपानी गाडी स्वस्त होऊन बाजारात यायला लागते, नेमक्या त्याच वेळी भारताच्या लेखी तिची मुदत संपते. आखणाऱ्यांनी हे हिशेबाने केलं की योगायोगाने झालं, कोण जाणे, पण भंगार अडवायला चाचणी पुरेशी होती. तीन वर्षांच्या अटीने चांगल्या गाड्याही अडल्या.

दुसरा गुंता तारखेचा. तीन वर्षं मोजायची ती गाडी बनल्याच्या तारखेपासून, पहिल्या नोंदणीपासून नाही. या दोन तारखांत सहज तीन-चार महिने जातात आणि मालकाला बहुधा दुसरीच माहीत असते.

मी तेव्हा मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे आयात माल सीमाशुल्क खात्यातून सोडवून देणाऱ्याकडे, कारकून होतो. २००५ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या लेस्टरहून परतलेलं एक जोडपं आलं. त्यांची छोटी हॅचबॅक गोदीत उतरली होती. कागद बघता बघता आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "गाडी बनली कधी?" गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, नंबरप्लेटवरच आहे की, ०२. म्हणजे मार्च २००२. अजून दोन महिने आहेत हातात." ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००१ पासून पाटीवरचे आकडे वर्षातून दोनदा बदलतात, मार्चला आणि सप्टेंबरला. '०२' म्हणजे मार्च २००२ नंतरची नोंदणी, हे बरोबर होतं. पण गाडी कारखान्यातून निघाली कधी, ते पाटी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोदीत गेलो. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, नेहमीप्रमाणे. मग आमच्या जुन्या शिपायाने शिकवलेली युक्ती केली: मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. अगदी मुळाशी शिवलेल्या पांढऱ्या चिठ्ठीवर पट्टा बनल्याची तारीख होती, नोव्हेंबर २००१. पट्टा गाडीच्या आधीच बनतो, त्यामुळे एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, पण पोटात गोळा आलाच. कंपनीकडून मागवलेल्या पत्रात गाडी डिसेंबर २००१ ची निघाली. तीन वर्षं उलटून गेली होती.

वाट आणखी एक होती. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी नियमांत वेगळं कलम होतं, लोक त्याला 'टीआर' (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स) म्हणत. पण त्यासाठी गाडी परदेशात निदान वर्षभर आपल्या नावावर हवी. यांनी ती सेकंड हँड घेतली होती, नावावर होऊन आठच महिने झाले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "आम्हाला वाटलं टीआर म्हणजे सगळं सामान माफ." हा गैरसमज तेव्हा घरोघरी होता आणि आजही आहे. राहण्याचं ठिकाण बदलताना घरगुती सामानावर जी सवलत मिळते तिलाही टीआरच म्हणतात. त्यात फ्रिज येतो, भांडी येतात, मोटार येत नाही. मोटारीच्या टीआरमध्ये गाडी आणायची परवानगी मिळते, शुल्क पूर्ण भरावं लागतं, शिवाय दोन वर्षं ती विकता येत नाही आणि तसा शेरा नोंदणीपुस्तकात बसतो. एकाच नावाच्या या दोन गोष्टींनी किती कुटुंबांचा बेत बिघडवला, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. लेस्टरची गाडी शेवटी जप्तीऐवजीचा दंड भरून सुटली. डेमरेज, म्हणजे गोदीत गाडी पडून राहिल्याचं भाडं, वेगळं.

'नवी' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. भारतीय नियमांत नवी गाडी म्हणजे जी इथे बनलेली नाही, आयातीपूर्वी विकली, भाड्याने किंवा उसनी दिलेली नाही आणि कुठल्याही देशात नोंदलेली नाही. काटा किती किलोमीटर दाखवतो याला काही अर्थ नाही. ब्रिटनमधले विक्रेते महिन्याचा आकडा गाठायला काही गाड्या स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात आणि मग सवलतीत विकतात. सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं. इथे उतरली की तीच गाडी सेकंड हँड. मग ती मुंबईशिवाय दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही आणि शुल्काचा दरही बदलतो. म्हणून परदेशातल्या विक्रेत्याला 'ब्रँड न्यू आहे ना' असं विचारून उपयोग नाही. 'कधी नोंदली होती का' असं विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं.

शुल्क कशावर लागतं, हेही लोकांना उशिरा कळतं. तुम्ही दिलेली किंमत सीमाशुल्क खातं जशीच्या तशी धरत नाही. कंपनीची मूळ किंमत घेतली जाते आणि तिच्यातून ठरलेली घट वजा होते: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, पुढे २, कमाल ७० टक्क्यांपर्यंत. तीन वर्षं पुरी झालेल्या गाडीची घट त्यामुळे ३८ टक्के होते, म्हणजे किंमत मूळच्या ६२ टक्के धरली जाते. तीच गाडी तिकडे निम्म्यात मिळाली असेल, तरी शुल्क ६२ वरच, आणि त्यात जहाजभाडं आणि विमाही जोडला जातो.

स्टिअरिंगच्या अटीबद्दल एक विसंगती कुणाच्या लक्षात येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२० डाव्या स्टिअरिंगला सरसकट मनाई करत नाही. ठरलेलं यांत्रिक किंवा विद्युत इशारा देणारं साधन असेल तर तो कायदा तशी गाडी चालू देतो. बंदी आली ती आयात धोरणातून. रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्यांना याचाच फटका बसला, कारण तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. दुबईत दहा वर्षं प्रेमाने वापरलेली गाडी तिथेच विकून यायचं, दुसरा इलाज नाही. नैरोबी, सिंगापूर किंवा मेलबर्नहून येणाऱ्याला निदान प्रयत्न तरी करता येतो.

त्या वर्षांतला सर्वांत गाजलेला अपवाद एका लाल इटालियन गाडीचा. नियमांत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेली गाडी, परदेशी वारलेल्या नातलगाकडून वारशाने आलेली गाडी, अपंग व्यक्तीची गाडी असे काही खास वर्ग होते. मुंबईच्या एका फलंदाजाला कंपनीने शतकांच्या विक्रमाबद्दल ती गाडी भेट दिली, पण भेट म्हणजे बक्षीस नव्हे. सरकारने सुमारे १ कोटी १३ लाखांचं शुल्क माफ केलं, ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर शुल्क कंपनीने भरलं. गंमत म्हणजे त्या वादात सगळा देश सीमाशुल्कावर बोलत होता आणि तीन वर्षांच्या अटीबद्दल अवाक्षर कुणी काढलं नाही.

पुढे अटी फारशा हलल्या नाहीत, दर हलले. जुन्या गाडीवरचं मूळ शुल्क मधल्या काळात १०५ वरून १०० टक्क्यांवर आलं होतं, ते २०१३ मध्ये १२५ टक्के झालं. २०१८ मध्ये उत्पादकांना आणि त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींना वर्षाला २,५०० गाड्या इथल्या मान्यता-चाचणीशिवाय आणायची मुभा मिळाली. सामान्य माणसाला त्याचा उपयोग नव्हता. २०२५ च्या अर्थसंकल्पात शुल्क ७० टक्क्यांवर आल्याच्या बातम्या वाचून अनेकांनी परदेशातल्या मेहुण्याला फोन लावले. पण त्याच कागदात जुन्या गाडीवर ६७.५ टक्क्यांचा वेगळा उपकर आला होता. बेरीज १३७.५, म्हणजे १२५ टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून आधी जेवढी होती तेवढीच. १०० रुपये मूल्याची मोठी गाडी त्यामुळे सीमाशुल्काने २३७.५० वर जाते आणि सप्टेंबर २०२५ पासूनच्या ४० टक्के जीएसटीने ३३२.५० वर. १८ टक्क्यांत बसणारी छोटी गाडी असेल तर २८०.२५. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात ठरावीक कोट्यातल्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचं आहे. पण लेस्टरच्या त्या जोडप्यासारख्यांसाठी तो करार लिहिलेला नाही.

दार अरुंद असलं की लोक भिंत शोधतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आलेल्या महागड्या जुन्या गाड्यांसाठी धाडी घातल्या, तेव्हा आरोप असा होता की तिकडे विकत घेतलेल्या गाड्या सीमेवरून आत आणून बनावट कागदांवर हिमाचल, अरुणाचल अशा राज्यांत नोंदवल्या आणि मग इथल्याच सेकंड हँड म्हणून विकल्या. या गाड्या घेणाऱ्यांत सगळेच लबाड असतील असं नाही. पुण्यात एखादी रुबाबदार एसयूव्ही लांबच्या राज्याच्या पाटीवर स्वस्तात मिळत असेल, तर आरसीवरचा उत्पादनाचा महिना, पहिल्या नोंदणीची तारीख आणि बिल ऑफ एंट्री (आयात करताना सीमाशुल्क खात्यात भरलेला कागद) ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. विक्रेता बिल ऑफ एंट्री 'नंतर पाठवतो' म्हणाला, तर मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा.