बातमी वाचताना मूल काय करते?

पावसाळ्यात कोल्हापूरची दैनिके राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेची पाणीपातळी ठळकपणे छापतात. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे येथील मुलांच्या कानावर घरातल्या बोलण्यातूनच पडलेले असते. प्राथमिक शाळेत भाषा शिकवताना हे आधीचे ज्ञान फार मोलाचे ठरते. अमेरिकेतील डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात तरबेज पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा ते अधिक चांगले समजू शकली. कोल्हापुरात पेठांमधील फुटबॉलच्या बातम्या याच कारणासाठी वर्गात आणाव्यात, असे मला मनापासून वाटते.

मात्र ओळखीचा विषय म्हणजे सोपी भाषा नव्हे. ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याने भोगावती नदीपात्रातील विसर्ग वाढला असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे’, हे नेहमीच्या धाटणीचे वाक्य घ्या. मराठीत मुख्य क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत दरवाजे, नदी आणि गावे यांचा संबंध मुलाला अल्पकालीन स्मृतीत धरून ठेवावा लागतो. ‘उघडल्याने’मधील ‘ने’ कारण दाखवतो, ‘असून’ दोन घटना जोडतो आणि ‘देण्यात आला’ इशारा देणाऱ्याचे नाव झाकतो. इशारा कोणी दिला असेल, असे शिक्षकांनी विचारले की मुले प्रयोगाचे नाव माहीत नसतानाही कर्त्याचा शोध घेऊ लागतात. एवढ्या एका वाक्यावर संपूर्ण तास खर्च झाला तरी तो वाया जात नाही.

मथळ्यांचा उपयोग वेगळा आहे. ‘पंचगंगा इशारा पातळीवर’ यात क्रियापदच नाही; ‘आली’, ‘पोहोचली’ की ‘स्थिरावली’ हे बातमी वाचूनच ठरवावे लागते.

गुन्ह्यांच्या आणि अपघातांच्या बातम्या लहान वर्गांत नकोत. तिसरीपर्यंत शिक्षकांनी बातमी आधी मोठ्याने वाचून दाखवावी, कारण बारीक टाइप आणि अनोळखी जोडाक्षरे यांतच मुलांचे लक्ष खर्ची पडते. पाचवीत मात्र एकाच घटनेच्या दोन दैनिकांतील बातम्या शेजारी ठेवून, एकीत असलेली कोणती माहिती दुसरीत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे.