मालिका संपल्यावरची दहा मिनिटं

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींचं पुन्हा बारसं झालं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून घरच्यांनी त्यांचं नाव ‘नकुशी’ ठेवलं होतं. जिल्हा परिषदेने पुढाकार घेतला आणि मुलींना नवी नावं मिळाली. नाव एका दिवसात बदलतं. ते ठेवणाऱ्या घरातला विचार कशाने बदलतो? रोज रात्री जेवताना चालू असणाऱ्या टीव्हीचा त्यात काही हात असतो का?

असतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी पाच राज्यांतल्या खेड्यांमधल्या त्याच त्या घरांची २००१ ते २००३ मधली माहिती तपासली. या काळात काही गावांत केबल आली, काहींत आली नाही. जिथे आली, तिथे ‘नवऱ्याने हात उगारला तर चालतं’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्टही थोडा सैलावला. आणि त्या काळच्या मालिका तर सासू-सुनांच्याच! पण त्यांतल्या बायका शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या होत्या. नुसतं असं घर दिसणंही पुरलं असावं.

मुद्दाम धडा द्यायला गेलं की मात्र गणित अवघड होतं. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘हम लोग’मध्ये भागवंती ही निमूट सोसणारी आई होती. तिचे हाल बघून बायकांनी शहाणं व्हावं, हा हेतू. भाग संपला की अशोक कुमार स्वतः येऊन समजावून सांगत. तरीही अभ्यासकांना असे प्रेक्षक भेटले, त्यांत बायकाही होत्या, ज्यांना भागवंतीच आदर्श वाटली! मला हा निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. सोसणारीला मखरात बसवायची सवय आपल्या घराघरांत आहे, आणि पडद्यावरचं पात्र आपण त्याच सवयीने बघतो.

ती सवय बोलण्याने हलते. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या जवळपास निम्म्या शाळांत मुलामुलींनी सातवी-आठवीपासून अडीच वर्षं, दर तीनेक आठवड्यांनी पाऊण तास, घरकाम, शिक्षण, लग्न यांवर चर्चा केली. कार्यक्रम थांबल्यावर दोन वर्षांनीही त्यांच्या विचारांत पडलेला फरक टिकून होता. मुलगे घरकामाला जास्त हात लावत असल्याचं सांगत होते.

म्हणून शाळेत सिनेमा दाखवलात, तर दिवे लागल्यावर पोरांना लगेच सोडू नका, गुरुजी. विचारा, त्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? मग विचारा, आणि तुमच्या घरी?