गोचीड, कावळा आणि एक लबाड मासा

परभणीकडं उन्हाळ्याच्या दुपारी गोठ्यात डोकावलं, तर म्हैस कान ढिले सोडून उभी असते आणि कावळा तिच्या कानामागचे गोचीड टिपत असतो. मधूनच तो एखाद्या जखमेवर चोच मारतो, म्हैस मान झटकते, कावळा उडतो. थोड्या वेळानं पुन्हा हजर!

समुद्र आमच्यापासून लांब. पण थेट असाच व्यवहार लक्षद्वीपच्या प्रवाळात बोटभर लांबीचा एक मासा करतो. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. आपण सफाईमासा म्हणू. निळसर अंग, तोंडापासून शेपटीकडं रुंद होत गेलेला काळा पट्टा. त्याची जागा ठरलेली, गिऱ्हाईक तिथं चालून येतं. हेकरूसारखा शिकारी मासासुद्धा जबडा उघडून थांबतो आणि हा खुशाल आत शिरून साफसफाई करतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवर ॲलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तेव्हा एक सफाईमासा दिवसाला सरासरी 1200 परजीवी खातो असं दिसलं. रक्त पिणारे बारके जीव, समुद्रातले गोचीडच म्हणा ना.

गंमत पुढंच आहे. त्याला खरी चटक गोचिडांची नाही, गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची! तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, अंगावर धावतं, नाहीतर सरळ निघून जातं. आठवडी बाजारात मापात पाप करणाराही चार लोक बघत असले की काटा सरळ धरतो. हाही तसाच. दुसरे मासे बघत असतील तर चावे कमी होतात, हे रेदुआन ब्शारी आणि ग्रटर यांनी 2006 मध्ये दाखवलं. 2019 मध्ये तर जपानी संशोधकांनी याच्या गळ्यावर तपकिरी ठिपका उमटवला. आरशात तो दिसल्यावर काही माशांनी गळा वाळूवर घासला. स्वतःला ओळखलं म्हणायचं का, यावर वाद चालू आहे. मला तरी तो ठिपका त्यांना गोचीडच वाटला असावा असं वाटतं.

नर-मादी मिळून एकाच गिऱ्हाइकाची सफाई करतात. मादीनं लबाडी केली आणि गिऱ्हाईक गेलं, की नराचा घास जातो; तो तिच्यामागं धावतो. एका नराच्या हद्दीत अशा चार-पाच माद्या असतात. नर मेला की त्यांतली सगळ्यात मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, दोन-तीन आठवड्यांत तिच्या अंगी शुक्राणू तयार होतात. मग लबाड माद्यांमागं धावायचं काम तिच्याकडं.